आक्कांनी निवडलेल्या अळ्या

पहिली अळी पांढरी निघाली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. एखादी निघतेच तशी. ब्रशच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन मी बाटलीच्या काचेवरून दुसरी उचलली, काचपट्टीवर ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. तीही पांढरी. तिसरीच्या वेळी मी उगाचच भिंग पुसलं. मग मोजणं सोडून दिलं आणि नुसत्या उचलत राहिले. प्रत्येकीच्या कातडीतून आतली चरबी दुधाळ दिसत होती, दोन्ही बाजूंच्या श्वासनळ्या चमकत होत्या, आतडं संथपणे हलत होतं. सगळं जिथल्या तिथे होतं आणि काळा डाग कुठेही नव्हता. मी दुसरी बाटली घेतली, मग तिसरी. निरोगी अळ्या बघून धसका घेतलेली बाई पृथ्वीवर मी एकटीच असेन. पोटावरचे टाके अजून ओढत होते म्हणून मी मांडीवर उशी घेऊन बसले होते, ती घसरून खाली पडली तरी उचलायचं सुचलं नाही. दारात आक्का येऊन उभ्या राहिल्या. माझ्या सासूबाई. पदराला हात पुसत, चेहऱ्यावर लग्न पार पाडल्यासारखं समाधान. "बघ व पोरी," त्या म्हणाल्या, "कश्या धुतल्या तांदळासारख्या शेतस!" मी त्यांच्याकडे बघितलं. तीन महिने मी माहेरी होते. तीन महिने माझ्या माशा त्यांच्या ताब्यात होत्या. "हो," मी म्हणाले, "छान ठेवल्यात." आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

या माशा म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घिरट्या घालतात ती चिलटं. आम्ही प्राणिशास्त्राचे लोक त्यांना फळमाशी म्हणतो, एवढाच आमचा मोठेपणा. मी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवते. प्रात्यक्षिकासाठी चिलटं लागतात म्हणून पंच्याण्णव साली पंचवटीच्या बाजारात गेले होते. तिथे गोजराबाई म्हणून एक फळवाली आहे, तिच्या पाठीमागे टाकून दिलेल्या पेरूंचा ढीग असतो. त्या ढिगाजवळ मी केळ्याचा तुकडा घातलेली बाटली धरून बसले आणि गोजराबाई आल्यागेल्याला सांगत राहिली, "बाई शिकलेली हाय, पर चिलटं धरती." त्या बाटलीतल्या माशांची नातवंडं बघताना एका अळीच्या अंगात मला काळा ठिपका दिसला, कोणी शाईचं पेन टोचल्यासारखा. मला वाटलं घाण असेल. धुतला, गेला नाही. मग तशाच आणखी सापडल्या. त्या मी वेगळ्या काढल्या, वाढवल्या, त्यांचा आपसांत संसार लावून दिला, आणि हळूहळू एक वाण तयार झाला ज्याच्या बहुतेक अळ्यांच्या पोटात काळ्या गाठी असत. महेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वाण पक्का झाला त्या दिवशी मला पेढे आणायला जाताना बघितलं आणि म्हणाला, "लोक पोरांच्या नोकरीचे पेढे वाटतात, तू माशीच्या गाठीचे वाट." मी वाटले. सातपूरच्या त्याच्या कारखान्यातल्या लोकांनीही खाल्ले, कशाचे ते त्याने त्यांना सांगितलं नाही.

गाठ म्हणायचं, पण ती वाढत जाणारी गाठ नव्हे. माशीच्या अळीला एक शत्रू असतो, बारीकशी गांधीलमाशी. ती येते आणि अळीच्या पोटात आपलं अंडं घालून जाते. मग अळीच्या रक्तातल्या काही पेशी चपट्या होतात, त्या परक्या अंड्याला सगळीकडून बिलगतात, थरावर थर चढवतात, आणि आतलं अंडं गुदमरून मरतं. वर काळं कवच तेवढं उरतं. एवढ्याशा जिवाला हे कोणी शिकवलं, असं वाटून मला अजूनही भरून येतं. माझ्या वाणात मात्र अंडं घालायला कोणीच आलेलं नसे. तरी पेशी उठत, आपल्याच चरबीच्या एखाद्या तुकड्याला परकं समजत आणि त्यालाच गुंडाळून काळं करून टाकत. राखणदाराने घरातल्या माणसालाच कोंडून घालावं, तसं. का करत असतील? स्वतःचं आणि परक्याचं त्यांना कशावरून कळत असेल, आणि कुठे चुकत असेल? माझा सगळा प्रबंध या प्रश्नावर उभा होता. पुण्याचे माझे मार्गदर्शक दर भेटीत सांगत, बाई, वाण दोन ठिकाणी ठेवा. मी ठेवलाही होता. कॉलेजातल्या बाटल्यांना दिवाळीच्या सुट्टीत मुंग्या लागल्या आणि परत आले तेव्हा बाटल्यांत नुसते पंख होते. उरल्या होत्या त्या घरच्या, मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, थंडीसाठी आत चाळीसचा बल्ब लावलेल्या. जगात दुसरीकडे हा वाण कुठेही नव्हता. आणि आता घरच्या बाटल्यांतही काळा डाग नव्हता.

मी ओरडले का नाही, हे मला बराच वेळ कळत नव्हतं. माझा स्वभाव काही गोड नाही. कॉलेजात मुलं मला घाबरतात आणि मला ते आवडतं. पण आक्कांच्या बाबतीत माझा राग कधी सरळ येत नाही, तो आधी जुन्या गल्ल्यांतून फिरतो. आम्ही बौद्ध, नाशिकरोडच्या कॉलनीतले. महेशचं घर सटाण्याचं, मराठा, कांदा साठवायच्या दोन चाळी असलेलं. आमचं लग्न नोंदणी करून झालं तेव्हा आक्का आल्या नाहीत. तेजल झाली तेव्हा आल्या, नातीला बघायला म्हणून, आणि राहिल्या. येताना त्यांनी स्वतःचा स्टोव्ह आणला, पातेली आणली, तवा आणला. म्हणाल्या, "माले गॅसना वास सहन व्हत नही, मी मनं वायलं करसू." गॅसच्या वासाचा तो प्रश्न नव्हता हे महेशला कळत होतं, मला कळत होतं, आणि गॅसलाही कळत असावं. मला त्या कधी एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. तेजलला अंगाखांद्यावर खेळवायच्या, माझे केस विंचरून द्यायच्या, डोकं दुखलं तर तेल घालायच्या. फक्त माझ्या हातचं खायच्या नाहीत. एका स्वयंपाकघरात दोन चुली वर्षानुवर्षं शेजारी जळत होत्या आणि दोन्ही बायका एकमेकींना मीठ आहे का म्हणून विचारत होत्या. माझी आई शकुबाई एकदा येऊन हे सगळं बघून गेली आणि जाताना जिन्यात एवढंच म्हणाली, "तू जेव पोटभर." मी रडले नाही. पोटभर जेवले.

मग माशांच्या खाण्याने घोटाळा केला. त्यांना मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर-अगर घालून खीर शिजवून लागते, ती बाटल्यांत ओतायची आणि थिजू द्यायची. मला स्वयंपाकाचं अंग बेताचंच. माझी खीर कधी करपे, कधी गुठळ्या होत. एक दिवस गॅस संपला होता, पीठ अर्धकच्चं होतं, मी चडफडत उभी होते. आक्का मागून आल्या, माझ्या हातातून पातेलं घेतलं आणि आपल्या स्टोव्हवर चढवलं. ढवळता ढवळता त्यांनी, सवयीने, चमच्याच्या टोकाचं बोटावर घेतलं आणि तोंडात घातलं. आणि मग थांबल्या. पातेलं माझं होतं, पीठ मी कालवलेलं होतं, पाणी माझ्या हातचं होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या खिडकीकडे बघत होत्या. थुंकायला मोरी दोन पावलांवर होती. "गूळ कमी शे," त्या म्हणाल्या आणि ढवळू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा सिलिंडर लागला आणि त्यांनी आपला स्टोव्ह पेटवला नाही. ताटाशी येऊन बसल्या. मी वाढलं. याबद्दल आमच्या घरात आजपर्यंत कोणी अवाक्षर काढलेलं नाही. महेश त्या दिवशी जेवताना वर बघायलाही धजत नव्हता. मला आनंद झाला का? झाला, आणि आनंद झाल्याचा रागही आला. चिलटांच्या खिरीने जे केलं ते माझ्या वरणभाताने इतकी वर्षं केलं नव्हतं. तेव्हापासून माशांचा स्वयंपाक आक्कांचा झाला. कीटकांवरून माणसांचे धडे काढू नका असं मी मुलांना वर्गात बजावते, आणि घरी आले की माझं मलाच ऐकायचं नसतं.

नोव्हेंबरात माझ्या गर्भाशयात गाठ निघाली. साधीच होती, डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही, पण पिशवी काढावी लागली, टाके चिघळले, आणि मला आईकडे जाऊन पडून राहावं लागलं. निघताना मी माशांच्या बाटल्यांकडे बघत होते. आक्का म्हणाल्या, "तू जाय. चिलटास्नं मी पाहसू." जुन्या बाटलीतल्या माशा नव्या बाटलीत कशा ओतायच्या ते त्यांनी मला करताना शेकडो वेळा बघितलं होतं. खाली घडी केलेली गोधडी, बाटली तिच्यावर आपटायची, बोळा काढायचा, तोंडाला तोंड लावायचं. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ होता. एकच गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती, कारण ती सांगायची असते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं: की आपल्याला हव्या आहेत त्या डागवाल्याच. रोग कोणी मुद्दाम पाळतं, हे कोणत्या शहाण्या बाईच्या मनात येईल? त्यात वर्षभरापूर्वी आक्कांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून भिंगं बसवली होती, आणि तेव्हापासून त्यांना सगळं दिसत होतं. तांदळातला खडा, तेजलच्या गणवेशावरचा डाग, समोरच्या इमारतीतल्या बाईच्या साडीचा काठ. आयुष्य त्यांचं सटाण्याला कांद्याच्या चाळीत गेलेलं. चाळीत कांद्यावर काळी बुरशी येते, काजळी म्हणतात तिला. दर काही दिवसांनी बायका चाळीत बसतात, हात ढिगातून फिरत राहतो, काजळी दिसली की तो कांदा बाहेर. न बघता, गप्पा मारता मारता. तो हात माझ्या बाटल्यांवरून तीन महिने फिरला. कोषात जाण्याआधी अळ्या काचेवर चढतात, तेव्हा आतला डाग उघड्या डोळ्यांनाही दिसतो. माझाच ब्रश घेऊन आक्कांनी डागवाली प्रत्येक अळी वेचून काढली. पिढीमागून पिढी. त्यांनी हे मला, मी त्या पांढऱ्या अळ्या बघितल्या त्याच दुपारी, चहा घेताना आपण होऊन सांगितलं. "काजळी लागेल कांदा चाळमां ठेवतस का कोनी?" मी म्हणाले, नाही ठेवत.

चहाचा कप हातात धरून मी बसले होते आणि डोक्यात हिशेब चालू होता. दोनच गोष्टी झालेल्या असू शकत होत्या. पहिली, सरळ आणि भयंकर: वाण मी म्हणत होते तितका शुद्ध नव्हता, त्यात काही माशा मुळातच निर्दोष होत्या, आणि आक्कांच्या निवडण्याने त्या उरल्या नि दोष संपला. तसं असेल तर सात वर्षं कचऱ्यात गेली आणि माझ्या कपाटात आता बाजारात मिळतात तशी साधी चिलटं होती. दुसरी गोष्ट मनाशी म्हणायलाही मी धजत नव्हते. दोष तसाच असेल, प्रत्येकीच्या अंगात असेल, पण निवडता निवडता त्याला दाबून धरणारं काहीतरी पिढ्यापिढ्यांत साठत गेलं असेल. यातलं खरं काय ते बघायचा रस्ता एकच होता. या स्वच्छ माद्यांचा संसार बाहेरच्या निरोगी नरांशी लावायचा. मुलं स्वच्छच निघणार, कारण हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. पण ती मुलं आपसांत जुळवली की नातवंडांत काहींना तो दोन्हीकडून मिळेल, आणि दाबणारं जे काही असेल ते बाहेरच्या रक्तात पातळ झालेलं असेल. नातवंडांत काळा डाग आला तर वाण जिवंत. नाही आला तर संपलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नको म्हटलेलं असतानाही मी रिक्षा करून पंचवटीत गेले. द्राक्षांचे दिवस होते, गोजराबाईच्या पाठीमागे फुटक्या मण्यांचा ढीग आणि त्यावर ढगासारखी चिलटं. "आजारी व्हता म्हने बाई," ती म्हणाली. "आता बऱ्या हायेत ना? बसा, धरा निवांत." लोक मला धरायला देतात हेही काही कमी नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी का आलं ते कळलं नाही. अशक्तपणा असावा.

नातवंडांची वाट बघण्याचे ते दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. घरात वावरत होते, तेजलची वेणी घालत होते, आणि सगळं काचेपलीकडून चालल्यासारखं होतं. आक्का सकाळी माझ्यासाठी पाणी तापवायच्या, हळिवाचे लाडू पुढ्यात ठेवायच्या, मी खायचे, आणि लाडू घशाखाली उतरताना वाटायचं, या हाताने माझी सात वर्षं वेचून फेकली. मग लगेच वाटायचं, या हाताने नाही तर कोणाच्या हाताने माझ्या माशा जगल्या असत्या? कॉलेजातल्या शिकलेल्या लोकांनी मुंग्यांना दिल्या. असं दोन्हीकडून. त्यांना सांगावं, सांगून मोकळं व्हावं, असं रोज ठरवायचे. पण दोष संपला असेल तर सांगून काय करायचं? त्या वयात, त्या अभिमानात असलेल्या बाईला आयुष्यभर पुरेल एवढं ओझं द्यायचं? आणि नाही सांगितलं तर मी काय करत होते? पुन्हा दोन चुली मांडत होते, या वेळी माझ्या बाजूने. रात्री अंग टाकलं की पोटातली पोकळी जाणवायची, जिथे काही होतं आणि आता नाही. माझ्या शरीराने ती गाठ का केली, कोणाला परकं समजून केली, असले अडाणी प्रश्न पडायचे. माणसाची गाठ आणि माशीची गाठ यांचा काही संबंध नाही हे मला पाठ आहे. तरी पडायचे.

एका दुपारी आक्का माझ्या पायांना तेल लावत होत्या. मी नको म्हणत होते आणि त्या ऐकत नव्हत्या. एकाएकी म्हणाल्या, "आते तुले परत व्हवाव नही."

"काय होणार नाही?"

"गाठ." त्यांनी मागच्या खोलीकडे मान हलवली. "तुन्या पोटमां गाठ कोठून उनी? येवढ्या वरीस त्या गाठीस्मां डोळा घालीसन बसेल. ह्या किडास्पाईनच उनी ती. डॉक्टरनी तुन्या पोटमाधली काढी. म्हतलं, ह्यास्नामाधली मी काढस. मग कोठून येई?"

तेल लावणारा हात थांबला नव्हता. मी आढ्याकडे बघत पडून होते. इतके दिवस मी त्या कांद्याच्या चाळीवर सगळा दोष टाकला होता, सवयीवर, हाताच्या वळणावर. आणि इथे ही बाई तीन महिने खिडकीपाशी बसून, नव्या भिंगांच्या डोळ्यांनी, एकेक अळी ब्रशवर घेऊन, माझ्या पोटातली गाठ वेचत होती. कुठल्या शास्त्राने? शास्त्र काहीच नव्हतं. ज्या कारणासाठी माणूस देवापुढे अनवाणी उभं राहतं त्याच कारणासाठी. मला हसू आलं आणि ते भलत्याच आवाजात बाहेर पडलं. "कसाले रडस व?" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, टाके दुखतात. त्या क्षणी वाण असला काय नि नसला काय, असं मला वाटलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण तसं वाटलं नाही. मला वाण हवा होता. आधीपेक्षा जास्त हवा होता, कारण आता तो गेला तर आक्कांच्या मायेमुळे गेला असं होणार होतं, आणि ते मला सोसलं नसतं.

मार्च संपत आला तेव्हा नातवंडं काचेवर चढली. मी खोलीचं दार लावून घेतलं. पहिल्या बाटलीतल्या अळ्या पांढऱ्या. उचलत गेले, पांढऱ्या. दुसऱ्या बाटलीत एक अळी काचेच्या कडेशी रेंगाळत होती, तिला उचलताना ती ब्रशवरून निसटली आणि टेबलावर पडली. तिथेच वाकून बघितलं. शेपटाकडच्या बाजूला, चरबीत, टोचल्यासारखा काळा ठिपका. मी तिला मायक्रोस्कोपखाली घेतलं. तोच. सगळ्या बाजूंनी बिलगलेल्या त्या पेशी, थरावर थर, तोच जुना गैरसमज. मग दुसरी सापडली, मग आणखी. दोष कुठेही गेला नव्हता. आक्कांच्या धुतल्या तांदळांत तो एकूण एक अळीत बसून होता आणि तरी त्यांची शरीरं स्वतःच्या वाटेला जात नव्हती. कशी? कोणी हात आवरला होता त्या राखणदारांचा? हा प्रश्न माझ्या जुन्या प्रश्नापेक्षा मोठा होता, आणि तो माझ्या कपाटात आयता तयार होऊन बसला होता. मी टेबलावर डोकं टेकलं. कोणाचे आभार मानावेत कळेना. त्या अळीचे मानले, गोजराबाईच्या सडक्या पेरूंचे मानले, डोळ्यांत भिंगं बसवणाऱ्या डॉक्टरचे मानले. मग दार उघडलं आणि हाक मारली, "आक्का, जरा येता का?"

मी त्यांना मायक्रोस्कोपवर वाकवलं, एक डोळा मिटायला सांगितलं. त्यांनी भिंगात निरखून बघितलं. मग झटकन सरळ झाल्या आणि त्यांचा हात सरळ माझ्या पोटाकडे आला. "परत उनी?" चेहरा उतरला होता. "मी तं बठ्ठ्या काढ्या व्हत्यात. एक बी सोडी नही."

"माझ्या पोटात काही नाही आक्का. माझी गाठ माशांमुळे आलीच नव्हती. बसा तुम्ही." आणि मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. की मला डागवाल्याच हव्या होत्या. की त्याच मी सात वर्षं सांभाळत होते. की त्या वेचल्या गेल्या तेव्हा सगळं संपलं असं वाटून मी महिनाभर तोंड शिवून फिरत होते. त्या ऐकत होत्या, पदर ओठांवर धरून. त्यांना काय कळत होतं आणि काय नाही ते मला सांगता येत नाही. "या अळ्या स्वतःच्याच अंगाला परकं समजतात," मी म्हणाले. "घरातलंच माणूस, पण त्याला कोंडून काळं करतात. आणि तुम्ही ठेवलेल्यांच्या अंगात तीच खोड आहे, पण त्या करत नाहीत. का करत नाहीत ते आता मला शोधायचंय. हे मला कोणी आणून दिलं नसतं. तुमच्यामुळे झालं."

"म्हंजे मी चुकनी का नही?"

"चुकलात. फार मोठी चूक केलीत. आणि माझं पुढचं सगळं काम त्या चुकीवर उभं राहणार आहे."

आक्का आपल्या हाताकडे बघत होत्या. उजव्या हाताची बोटं त्यांनी उघडली, मिटली. "मना हातले सवय शे व," त्या हळू म्हणाल्या. "डाग दिसना का हात जास. काय शे, कसाना शे, काही पाहत नही." मग, माझ्याकडे न बघता, "मानूस बी सुटनं नही मना हातमाईन. डाग नव्हताच तठे, तरी."

इतक्या वर्षांत, त्या दोन चुलींबद्दल, एवढंच आमच्यात बोललं गेलं. माफी हा शब्द त्यांनी वापरला नाही आणि मीही मोठेपणाने ती दिली नाही. मी फक्त त्यांची उघडी बोटं माझ्या हातात घेतली. ती तेलकट होती आणि गार होती. माझं या बाईवर प्रेम आहे, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि ते कळून मी कृतज्ञ झाले, तिच्याविषयी, आणि तिला परकं समजून काळं करून टाकण्यापासून मला आवरणाऱ्या सगळ्याविषयी.

त्यांनी हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि बाटल्यांकडे बघितलं. आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "आते कोनत्या ठेवू मी?"

"दोन्ही."

"दोन्ही?"

"दोन्ही लागतात, आक्का."

आयुष्यभर एक ढीग ठेवायचा आणि एक फेकायचा एवढंच केलेल्या त्या बाईला हे पटायला वेळ लागला. एका बाटलीवरून दुसरीवर, पुन्हा पहिलीवर, त्यांची नजर फिरत राहिली. "मग माले बराबर दखाड," त्या म्हणाल्या, "कोनती कोनती शे ते."

मी उठले आणि त्यांना माझी खुर्ची दिली.